लॅपटॉपवर १०८०पी व्हिडिओ अडखळतो, तर रॅम वाढवावी का?

एवढ्यात रॅम घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप आय५, सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, विंडोज १०. यूट्यूबवर ७२०पी ठीक चालतं, १०८०पी ६० (सेकंदाला ६० चित्रं) लावलं की चित्र अडखळतं, पण आवाज सलग येतो. भावाने आयफोनवर घेतलेला नाशिकच्या रंगपंचमीतल्या रहाडीचा (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाचा) व्हिडिओ तर बघवतच नाही, आणि दुकानदार म्हणतो आणखी ८ जीबीची पट्टी टाका. या सगळ्यात कामाची गोष्ट एकच आहे: आवाज सलग येतो.

नेट कमी पडत असतं तर आवाजही थांबला असता आणि मधोमध गोल चक्र फिरत बसलं असतं. आवाज पुढे आणि चित्र मागे, याचा अर्थ फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, वेळेत तयार होत नाहीयेत. प्लेअर वेळ आवाजावरून धरतो आणि ज्या फ्रेमला उशीर झाला ती सरळ टाकून देतो. ६० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्यात २० लाखांवर पिक्सेल उलगडायचे असतात. या कामासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा भाग असतो. तो काम करत असला तर पंखा हूं की चूं करत नाही. तो बाजूला राहिला की सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, आणि मग रॅम १६ करा नाहीतर ३२, फ्रेम गळायच्या त्या गळतातच.

काम नक्की कोण करतंय ते बघा. व्हिडिओ चालू ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स चिपवर) क्लिक करा. तिथे 'व्हिडिओ डिकोड' असा एक आलेख असतो. तो शून्यावर आडवा पडलेला आणि सीपीयू (प्रोसेसर) नव्वद टक्क्यांवर, तर निदान झालंच. जाता जाता मेमरीचा आकडाही बघा. ८ पैकी पाच-सहा जीबीच वापरात असेल तर ती पट्टी दुकानातच राहू द्या.

जीपीयू यादीत दिसतच नसेल, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेच्या खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअरच, नाही. फॉरमॅट मारून आलेल्या मशिनमध्ये हे मला नेहमी दिसतं. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून तिथला ड्रायव्हर टाका, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाने फिरणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोत. क्रोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, तिथे ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशनचं बटण चालू आहे ना, तेही पाहा.

एवढं सगळं ठीक असूनही यूट्यूब अडखळू शकतं, आणि तुमच्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या (व्हिडिओ आवळून साठवण्याच्या पद्धतीच्या) ओळीत एव्हीसी१ असेल तर ते जुनं एच.२६४, जे तुमची चिप झोपेतही चालवेल. व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असेल तर अडचण तिथे आहे. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ पूर्णपणे हाताळायची सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ची अकराव्यापासून. तुमची सहावी, म्हणजे थोडक्यात हुकलं. उपाय सोपा आहे: 'एच२६४इफाय' (h264ify) नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाका. ते यूट्यूबला एच.२६४च द्यायला लावतं. त्यात १०८०पीच्या वरचं मिळत नाही, पण तुम्हाला तेवढंच हवंय. त्याच चौकटीत गळलेल्या फ्रेमचा आकडा असतो. तो आधी आणि नंतर ताडून बघा.

आता रहाडीचा व्हिडिओ. मी लग्नकार्याच्या शूटिंगचं एडिटिंग करतो, त्यामुळे सांगतो, कॉम्प्युटरला दमवायला याहून वाईट दृश्य शोधून सापडणार नाही. व्हिडिओ आटोपशीर साठवला जातो तो आधीच्या फ्रेमशी असलेल्या साम्यावर. रामकुंडावर ट्रायपॉड लावून घेतलेल्या गोदाआरतीत घाट, देवळं, पायऱ्या जागच्या जागी असतात, बदलतात त्या फक्त ज्योती आणि माणसं. तिवंधा चौकात कोणी रहाडीत धप्पा मारला की रंगाच्या पाण्याचा प्रत्येक थेंब नव्या जागी, गर्दी उसळतेय, हातातला मोबाइल हलतोय. साम्य म्हणून उरत नाही. फाइल फुगते आणि उलगडण्याचं कामही वाढतं. त्यात नवे आयफोन एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारी सोय) चालू असताना १०-बिट एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे एच.२६४ नंतरच्या कोडेकमध्ये आणि रंगांच्या जास्त छटांसह. तुमच्या चिपला ८-बिट एचईव्हीसी जमतं, १०-बिट पूर्ण जमत नाही. शिवाय फोरके असेल तर पिक्सेल चौपट.

ती फाइल हँडब्रेक या फुकट कन्व्हर्टरमध्ये टाकून एच.२६४, १०८०पी, ३० फ्रेम अशी करून घ्या. रंग थोडे फिके वाटू शकतात, म्हणून मूळ फाइल उडवू नका. पुढच्या रंगपंचमीला भावाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करून फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवायला सांगा. आणि पेनड्राइव्हवरून थेट चालवत असाल तर आधी लॅपटॉपवर कॉपी करा.

व्हिडिओ पहिली दहा मिनिटं छान चालून मग अडखळायला लागला तर मात्र गोष्ट वेगळी, ती उष्णतेची. नाशिकची हवा थंड म्हणून आपण कितीही मिरवलं तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि एवढ्या जुन्या लॅपटॉपच्या पंख्यात धुळीचा थर हमखास असतो. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. सर्व्हिसिंग करून थर्मल पेस्ट बदलून घ्या, आणि गादीवर ठेवून बघू नका, खालची जाळी बंद होते.

हे सगळं करूनही पैसे खर्च करायची हौस असेलच, तर ते रॅमवर घालण्यापेक्षा साठवा. जुना घ्यायचा तर आठव्या पिढीचा लॅपटॉप व्हीपी९ आणि १०-बिट दोन्ही आरामात चालवतो. नवा घेत असाल तर एव्ही१ चालतं की नाही हे दुकानातच यूट्यूब लावून, तो डिकोडचा आलेख उघडून बघून घ्या.