जर्मनीत अणुवीज परत येईल, या भरवशावर येऊ नका

तुम्ही विचारलंय, जर्मनीत अणुभट्ट्या पुन्हा सुरू करायची चर्चा ऐकतोय, मी टर्बाइनवर काम करतो, मुलगी तिसरीत आहे, आत्ता यावं का? व्हिसाचे नियम दूतावासाकडे मिळतील, ते सोडतो.

मीही असाच एका सरकारी निर्णयावर विसंबून आलो. आधीच्या चॅन्सेलर श्रोडर यांच्या सरकारनं अणुवीज बंद करायचं ठरवलं होतं, पण 2010 मध्ये मेर्केल सरकारनं भट्ट्यांचं आयुष्य सरासरी 12 वर्षांनी वाढवलं. बारा वर्षांत मुलाचं शिक्षण उरकेल, असा हिशोब मांडून डिसेंबरात बायको-मुलाला घेऊन बव्हेरियात लांड्सहूटजवळ उतरलो. मार्चमध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला. आठवड्याच्या आत इथली इझार-1 भट्टी बंद, आणि जूनमध्ये संसदेनं 2022 अखेरची मुदत ठरवली. बव्हेरियाचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री झ्योडर त्या मुदतीसाठी हटून बसले होते. तेच 2023 मध्ये मुख्यमंत्री म्हणून इझार-2 चालू ठेवा म्हणत होते. युक्रेन युद्धामुळे तिला साडेतीन महिने जास्त मिळाले, 15 एप्रिल 2023 ला तीही थांबली. आता इथे माणसं लागतात ती भट्ट्या सुट्या करायला. ते काम वर्षानुवर्षं चालेल. त्यासाठी येणार असाल तर जरूर या.

माझी नोकरी 2011 च्या उन्हाळ्यातच गेली. राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला. त्यात आपली नावं! पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव, मुलाच्या नावापुढे माझं, बायकोच्या पदवीवर माहेरचं आडनाव. एका कार्यालयानं आम्ही एकच कुटुंब आहोत हे सिद्ध करा म्हणून चार वेळा परत पाठवलं. अणुप्रकल्पात शिरायला वेगळी सुरक्षा चौकशी असते, तिथेही तेच. सगळ्या कागदांवरची नावं निघण्याआधी एकसारखी करून घ्या.

एकटेपणाची सवय होते.

शाळेची होत नाही. बव्हेरियात चौथीतच मुलांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून कमी असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे 1 हा सर्वोत्तम गुण. मुलाला गणितात 1, परिसरात 3, जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66. दीड वर्षापूर्वी त्याला जर्मनचा एक शब्दही येत नव्हता. सरासरीत न बसलेल्या मुलांना तीन दिवसांच्या चाचणी वर्गात बसून पुन्हा संधी मिळते. शाळेनं तसं पत्रही दिलं होतं. ते परवान्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात गेलं, मी उघडून वाचलंच नाही. तारीख उलटल्यावर बायकोला सापडलं. आम्ही त्यावर एकदाच बोललो. मुलाला अजून सांगितलेलं नाही. आपल्याला जर्मन येत नाही म्हणूनच तसं झालं, असं तो आजही समजतो.

म्हणून तुमच्या मुलीचं विचारतो. तिसरी संपवून येणार असाल तर ती थेट चौथीत पडेल. त्याआधी जर्मन शिकवणीला घाला, आणि शाळेतून येणारं प्रत्येक पत्र त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या.