किडनी बदलली, रजा संपली. पण राजीनामा लिहू नका

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. वय ४१, सेवा १२ वर्षे पूर्ण, एनपीएसधारक (राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली). काही महिन्यांपूर्वी माझे किडनी प्रत्यारोपण झाले. आईने किडनी दिली. तीन महिन्यांत शाळेत जाल असे डॉक्टर म्हणाले होते, पण दोनदा संसर्ग होऊन पुन्हा दाखल व्हावे लागले. क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) अजून खालीवर होते आहे. १२० दिवसांची परिवर्तित रजा संपली. नंतरचे अर्ज तसेच पडून आहेत आणि पगार बंद आहे. केंद्रप्रमुख म्हणतात, ‘रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या, एनपीएसचे पैसे तरी मिळतील.’ एक सहकारी दिव्यांग प्रमाणपत्र काढून देणाऱ्याचा नंबर देतो आहे. रुग्णालय यादीत नाही म्हणून बिलही परत आले. मी काय करू?

उत्तर :

सर, सगळ्यात आधी एक विनंती. राजीनाम्याचा कागद लिहिला असेल तर फाडून टाका आणि लिहिला नसेल तर कोणाच्याही सांगण्यावरून लिहू नका. बाकी सगळे सावरता येते. स्वतःच्या सहीने दिलेला राजीनामा मंजूर झाला की तो परत फिरवणे फार अवघड होऊन बसते.

कारण सांगते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम ४६ प्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा जप्त होते. म्हणजे तुमची १२ वर्षे हिशेबातून जातात. एनपीएसमधून मुदतीआधी बाहेर पडलात तर जमा रकमेचा मोठा भाग वार्षिकीत, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी पेन्शन देणाऱ्या योजनेतच, गुंतवावा लागतो. ‘पैसे तरी मिळतील’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसावे. आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला जड जाते, पण दोन मुलांच्या बापाला ती सांगितलीच पाहिजे. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांसाठीही सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि कायमची अक्षमता आल्यास रुग्णता निवृत्तिवेतन हे दोन मार्ग उघडले आहेत. दोन्ही मार्ग सेवेत असलेल्या माणसासाठी आहेत. राजीनामा दिलात की घरच्यांच्या डोक्यावरचे हे छप्पर तुम्ही स्वतःच काढून घेता.

आता रजा. ‘रजा संपली’ हे तुमच्या कार्यालयाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा, म्हणजे १२ वर्षांची २४० दिवस. ती वैद्यकीय कारणावर परिवर्तित करून पूर्ण पगारी घेतली की १२० दिवसांत खाते रिकामे होते. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण त्यापुढे अनर्जित रजा नावाचा प्रकार आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. ही रजा पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनी रजेतून आगाऊ दिली जाते. संपूर्ण सेवेत तिची कमाल मर्यादा ३६० दिवस आहे आणि या काळात अर्धा पगार मिळतो. तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे १७ वर्षे हातात आहेत आणि वर्षाला २० प्रमाणे ३४० दिवस पुढे जमा होणार आहेत. आज ९० दिवस घेतलेत तर ते फिटायला साडेचार वर्षे लागतील. तेवढी सेवा तुमच्याकडे निश्चित आहे.

ती मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे तुम्ही सेवेत स्थायी असणे. तुमचे स्थायित्व प्रमाणपत्र निघाले आहे का आणि सेवापुस्तकात त्याची नोंद आहे का, हे आजच पाहा. १२ वर्षे नोकरी होऊनही ही नोंद राहून गेलेले शिक्षक मी पाहिले आहेत आणि नेमक्या आजारपणात तीच आडवी येते. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही कामावर परत येण्याची वाजवी शक्यता आहे, असे मंजुरी देणाऱ्याला दिसले पाहिजे. इथे डॉक्टरांचे पत्र महत्त्वाचे ठरते. ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढ्या एका ओळीवर कारकून काय करणार? किडनीविकारतज्ज्ञांकडून प्रत्यारोपणाची तारीख, नंतरच्या दोन भरती, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असल्यामुळे गर्दीत संसर्गाचा धोका का आहे, आणखी अंदाजे किती आठवडे आणि त्यानंतर कामावर परतण्याची अपेक्षा आहे, हे सगळे स्पष्ट लिहून घ्या. टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी आणि क्रिएटिनिनचे आकडे सोबत जोडा, पण पत्रातले शब्द कार्यालयाला कळतील असे हवेत.

अनर्जित रजा घेऊन नंतर स्वखुशीने राजीनामा दिला तर त्या रजेचा पगार वसूल होऊ शकतो. आजारपणामुळे कायमचे अक्षम ठरून निवृत्त झाल्यास मात्र वसुली होत नाही. राजीनाम्यापासून दूर राहण्याचे हे आणखी एक कारण.

त्यानंतरही गरज पडली तर असाधारण रजा आहे. ती बिनपगारी असते. ती ‘वैद्यकीय कारणास्तव’ मंजूर झाल्याचे आदेशात शब्दशः लिहून घ्या, कारण वेतनवाढ आणि पुढचे बरेच हिशेब त्यावर ठरतात. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमातच आहे. पण मंजुरी देणाऱ्याला तुम्ही मागितलेल्या आणि देय असलेल्या रजेचा प्रकार परस्पर बदलता येत नाही. तुमच्या गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसावर कोणत्या ना कोणत्या रजेचे नाव लागले पाहिजे. नाव न लागलेला दिवस अनधिकृत गैरहजेरी धरला जातो. मग सेवाखंड आणि १९६४ च्या जिल्हा परिषद शिस्त व अपील नियमांखाली नोटीस, असा तो प्रवास होतो. तुमचे पडून असलेले अर्ज म्हणूनच मला बिलापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. सगळ्या अर्जांच्या प्रती, तारखा आणि डॉक्टरांची प्रमाणपत्रे एकत्र करा. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना एकच सविस्तर अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. टपालाने पाठवायचा तर पोच येईल असा पाठवा. केंद्रप्रमुखांनी तोंडी काय सांगितले, यावर वाद घालू नका. ते रजा मंजूर करणारे अधिकारी नाहीत.

दिव्यांग प्रमाणपत्राचा नंबर फोनमधून काढून टाका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. किडनीचा आजार त्यांत नाही. असायला हवा असे माझे मत आहे, पण आज तो नाही. म्हणून कलम २० मधले नोकरीचे संरक्षण तुम्हाला आपोआप लागू होत नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ खोटेपणाने घेतल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आजारपणाने गेलेली नोकरी लढून परत मिळवता येते. खोट्या कागदाने गेलेली मिळत नाही.

आणि मुळात तुम्हाला त्या कागदाची गरजच नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात विशेष संवर्ग भाग १ मध्ये मूत्रपिंड रोपण झालेले आणि डायलिसिसवर असलेले शिक्षक स्वतंत्रपणे नमूद आहेत. प्रत्यारोपणाच्या खऱ्या कागदांवर तुम्ही ‘संवर्ग एक’मध्ये बसता. रुग्णालयाजवळची शाळा मागता येते, आणि सध्याची शाळाच सोयीची असेल तर बदलीला नकारही देता येतो. बदलीचे पोर्टल उघडण्याची वाट न पाहता जिल्हा शल्यचिकित्सकांकडून लागणारे प्रमाणपत्र तयार ठेवा.

बिलाचे थोडक्यात सांगते. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार दिले आहेत. त्या पाचांमध्ये मूत्रपिंड प्रतिरोपण शस्त्रक्रिया आहे. रुग्णालय यादीत नाही एवढ्यावरून देयक नाकारले असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार हा निकाल अर्जात नमूद करा. उपचार खरोखर झाले का आणि ते डॉक्टरांनी प्रमाणित केले आहेत का, हे पाहायचे. रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. तो खटला केंद्राच्या योजनेतला होता. त्यामुळे कार्यालय लगेच मान्य करेल असे नाही, पण तत्त्व तुमच्या बाजूचे आहे. देयक जिल्हा शल्यचिकित्सकांच्या छाननीला पाठवण्याची लेखी मागणी करा. संसर्गामुळे झालेल्या दोन भरतींची देयके वेगळी द्या आणि मूळ पावत्या देण्याआधी प्रत्येक पानाची छायाप्रत काढा.

रुग्णता निवृत्तिवेतनाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेल. त्यासाठी वैद्यकीय मंडळाने तुम्हाला सेवेसाठी कायमचे अक्षम ठरवावे लागते. तुमचे डॉक्टर परत जाण्याची भाषा करत आहेत, तोवर त्या दारापाशी जाऊ नका. तीन महिन्यांचे सहा झाले म्हणून माणूस अक्षम ठरत नाही. अमुक दिवसांत बरे व्हा अशी अट कोणत्याही रजा नियमात नाही. तुमच्या पत्रात ‘सगळ्यांना वाटते मी नाटक करतो’ असे एक वाक्य होते, ते वाचून वाईट वाटले. सर, आईने दिलेली किडनी सांभाळणे हे सध्या तुमचे पहिले काम आहे, आणि तुम्ही ते करता आहात. चाळीस सर्दी-खोकल्याच्या मुलांमध्ये घाईने जाऊन पुन्हा दाखल झालात तर त्या शाळेचाही काही फायदा नाही. रुजू व्हाल तेव्हा तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेऊनच व्हा. पहिले काही आठवडे मास्क, हवेशीर वर्ग आणि कमी फिरतीचे काम मिळावे, अशी विनंती त्याच अर्जात करा.

महिनाभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात तुमच्या रजा अर्जांवरील टिपणी मागा आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना निवेदन द्या. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाण्याचा सल्ला कोणी देईल, पण जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांची प्रकरणे तिथे चालत नाहीत. शेवटचा मार्ग उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत येते. त्यामुळे तब्येतीची ही अवस्था असताना मुंबई गाठण्याची वेळ येणार नाही. तिथपर्यंत जावे लागले तर तुमच्याकडचे आवक क्रमांक असलेले अर्ज हाच तुमचा पुरावा असेल, म्हणून ते आईच्या औषधांच्या फायलीत न ठेवता वेगळे ठेवा.