वर्गात क्रिप्टोवर बोलायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सेमिनारचे दिवस आले की खान्देशातून येणाऱ्या प्रश्नांत क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांचा, नंबर पहिला लागतो. या वेळचे सगळे प्रश्न वर्गमित्रांसमोर या विषयावर पहिल्यांदाच बोलणाऱ्यांचे आहेत. ‘कोणतं कॉइन घेऊ’ असं विचारणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये.

प्रश्न : वीस मिनिटं मिळाली आहेत. वस्तुविनिमय, नाणी, नोटा, बँका, यूपीआय असा क्रम लावून शेवटी बिटकॉइनवर येणार आहे. चालेल ना? (तृतीय वर्ष बीकॉम, अमळनेर)

नाही चालणार. नोटांपर्यंत पोचता पोचता बारा मिनिटं संपतील आणि मागच्या बाकांवर मोबाईल निघतील. थेट २००८ सालात उडी मारा. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर आला. हे नाव घेणारा माणूस कोण, की ती अनेक माणसं, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. ३ जानेवारी २००९ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं पहिलं पान, तयार झाला. त्यात लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे, तोही बँकांना सरकारी मदत देण्याबद्दलचा.

एवढं सांगून झालं की वर्गाला विचारा : डिजिटल गोष्टीची नक्कल फुकटात होते, मग तेच नाणं दोघांना दिलं नाही हे मध्ये बँक नसताना कोण तपासणार? उरलेलं भाषण या एका प्रश्नाचं उत्तर असू द्या.

२२ मे २०१०च्या पिझ्झाची गोष्ट सगळेच सांगतात : १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे. माझं मत विचाराल तर गाळा. ती ऐकली की वर्ग हळहळतो आणि पुढची दहा मिनिटं मनातल्या मनात गुणाकार करत बसतो.

प्रश्न : प्रोजेक्टर आहे, पण लाइटीचा भरवसा नाही. ब्लॉकचेन नुसत्या फळ्यावर कशी समजावू? (बीएस्सी, यावल)

लाइट असली तरी मी हेच सुचवलं असतं. पाच जणांना पुढे बोलवा, प्रत्येकाला एक वही आणि पेन द्या. पेन्सिल नको, खाडाखोड दिसली पाहिजे. हा भिशीचा हिशोब आहे असं समजा. फक्त वही एका काकूंकडे न राहता पाचही जणांकडे आहे.

तुम्ही व्यवहार मोठ्याने सांगायचे, पाचही जणांनी लिहायचे : ५०, ३०, २०. पान संपलं, बेरीज १००. हा आकडा दुसऱ्या पानाच्या डोक्यावर लिहायला लावा आणि त्या पानाच्या बेरजेतही धरायला सांगा. दुसऱ्या पानावर ४० आणि ६०, म्हणजे बेरीज २००. ती तिसऱ्या पानाच्या डोक्यावर. एकेक पान म्हणजे ब्लॉक, आणि अशी एकमेकांत अडकलेली पानं म्हणजे ब्लॉकचेन. आता एकाच्या कानात सांगा, ‘पहिल्या पानावरच्या ५०चे ५०० कर.’ त्याच्या पहिल्या पानाची बेरीज ५५० होते, दुसऱ्याची ६५०, आणि पुढचं प्रत्येक पान बिघडत जातं. आता पाचही जणांना शेवटची बेरीज वाचायला लावा. चोर कोण हे तुम्हाला सांगावंच लागणार नाही.

इथे एखादी हुशार मुलगी हात वर करेल : ५०चे ६० आणि ३०चे २० केले तर बेरीज तीच राहील की! तिला शाबासकी द्या, कारण पुढचा मुद्दा तिनेच आणून दिला. नुसती बेरीज कच्ची असते, म्हणून बिटकॉइनमध्ये एसएचए-२५६ हे गणिती सूत्र वापरतात. पानावरच्या सगळ्या मजकुरातून ६४ अक्षर-अंकांची एक खूण निघते. एक स्वल्पविराम हलला तरी सगळी खूण बदलते, आणि दोन वेगळ्या मजकुरांची खूण सारखी आल्याचं उदाहरण अजून कोणाला सापडलेलं नाही.

मग पुढचं पान कोणी लिहायचं? दोन फासे आणा. ज्याला आधी दोन्ही सहा पडतील तो लिहील आणि त्याला चॉकलेट. पाडायला वेळ लागतो, पण पडले की नाही हे सगळ्यांना एका नजरेत कळतं. मायनिंगचं, म्हणजे पुढचं पान लिहिण्याचा हक्क मिळवायच्या शर्यतीचं, मर्म एवढंच. खऱ्या व्यवस्थेत सरासरी दहा मिनिटांना एक पान लिहिलं जावं म्हणून दर २,०१६ ब्लॉकांनी खेळ सोपा किंवा अवघड केला जातो. चॉकलेट नव्या बिटकॉइनचं असतं, सुरुवातीला ५०चं होतं. दर २,१०,००० ब्लॉकांनी ते निम्मं होतं. एप्रिल २०२४पासून ३.१२५ आहे. म्हणून एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पुढे जात नाहीत. खऱ्या खेळात फासे संगणक टाकतात, म्हणून वीज प्रचंड जाते हेही सांगा. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोने सप्टेंबर २०२२मध्ये ही पद्धत सोडली.

घरी एकदा करून बघा. बेरजा चुकल्या तर भरवर्गात पंचाईत होते.

प्रश्न : अहिराणीत बोललं तर हसतील का? (शहादा)

हसतील, आणि ऐकतीलही. बोला. ब्लॉक, वॉलेट (क्रिप्टोच्या चाव्या ठेवायची जागा), एक्सचेंज (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा बाजार) हे शब्द आहेत तसेच ठेवा.

प्रश्न : वडील जळगावच्या सराफ बाजारात कारागीर आहेत. ते म्हणतात, ‘हात लावता येत नाही ते सोनं कसलं?’ भाषणात ‘डिजिटल सोनं’ म्हणू का?

वडिलांचं वाक्य भाषणात जसंच्या तसं घ्या, जळगावात त्याला टाळी पडेल. पण तिथेच थांबू नका. साम्य आहे ते मर्यादित पुरवठ्याचं. फरक मात्र मोठे आहेत. दागिना अंगावर घालता येतो, अडीनडीला गहाण ठेवता येतो, मोडता येतो. बिटकॉइनचा भाव पुढचा माणूस किती द्यायला तयार आहे यावरच टिकतो. नोव्हेंबर २०२१मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला होता, वर्षभरात तो १६ हजारांच्या खाली आला. सोन्याने एवढी घसरण एका वर्षात दाखवली असती तर सराफ बाजारात काय झालं असतं, हे वडिलांनाच विचारा. आणखी एक : वॉलेटची चावी म्हणून मिळालेले १२ किंवा २४ शब्द हरवले, तर पुन्हा काढून देणारी खिडकी कुठेच नाही.

प्रश्न : मावसभाऊ एका टेलिग्राम ग्रुपमधून महिन्याला दहा टक्के कमावतो. त्याला पाहुणा म्हणून बोलावू? केळीचे पैसे हातात आले की गावातले बरेच जण त्याच्याकडे देतात. (रावेर)

अजिबात बोलावू नका, आणि घरी आधी बोला. महिन्याला दहा टक्के म्हणजे चक्रवाढीने १०,००० रुपयांचे वर्षात ३१,३८४. फळ्यावर हे गणित मांडा आणि विचारा, असा धंदा हाती असलेला माणूस दुसऱ्याचे पैसे कशाला गोळा करेल? ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने हेच आमिष दाखवलं होतं : महिना दहा टक्के, अठरा महिने. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये त्यात अटका केल्या, पुढे तपास सीबीआयकडे गेला. मावसभावाला खरंच पैसे मिळतही असतील. अशा योजनेत सुरुवातीच्यांना नंतर आलेल्यांच्या पैशातूनच देतात. मुद्दल आणि सगळा नफा एकदम काढून दाखव म्हणावं. ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ असं उत्तर आलं तर एक रुपयाही आणखी न भरता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. वेळ जितका जाईल तितके पैसे लांब जातात.

प्रश्न : भाषणानंतर दोनच प्रश्न येणार : ‘हे कायदेशीर आहे का?’ आणि ‘भो, घेऊ का मग?’ काय सांगू? (धुळे)

पहिल्याचं उत्तर तारखांसह द्या, म्हणजे वाद वाढत नाही. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा कर. मार्च २०२३मध्ये एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. थोडक्यात, बाळगणं गुन्हा नाही, पण दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे असं चलनही नाही. डिजिटल रुपया याच्यात मिसळू नका. तो रिझर्व्ह बँकेचा आहे आणि सामान्य लोकांसाठी १ डिसेंबर २०२२ला प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.

दुसऱ्या प्रश्नाला सल्ला देऊ नका, हिशोब द्या. १०,०००ला घेतलं, १५,०००ला विकलं, नफा ५,०००. कर १,५००, वर ४ टक्के सेस धरून १,५६०. टीडीएस १५० रुपये आधीच कापलेला असेल, तो यातून वजा होतो. दुसऱ्या कॉइनमध्ये तेवढाच ५,०००चा तोटा झाला तरी तो यातून वळता होत नाही. हातात शून्य, तरी १,५६० द्यायचेच. ‘मी विद्यार्थी, माझं उत्पन्नच नाही’ म्हणून सुटकाही नाही, कारण करमुक्त उत्पन्नाची मर्यादा या नफ्याला लावता येत नाही. हे आकडे फळ्यावर तसेच राहू द्या आणि पुढचा प्रश्न घ्या.