परत गेलेल्या गिऱ्हाइकांची वही

पत्र, थोडक्यात: "लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. वडिलांनी 1971 साली सुरू केलं, जागा पागडीची. पूर्वी दिवाळीला चार माणसं कमी पडायची, आता एक आहे आणि तोही मोबाइल बघत बसतो. पार्किंगची बोंब, जुनं गिऱ्हाईक उपनगरात गेलं, नवं ऑनलाइन घेतं. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, गणित घेऊन. हुशार आहे, तिनं सीए व्हावं अशी आमची इच्छा. ती म्हणते, बी.कॉम. करते आणि दुकान बघते. रविवारी दुकानात येते, पण गल्ल्यावर बसायचं सोडून कुठलं गिऱ्हाईक काय मागून परत गेलं ते वहीत लिहीत बसते. बुडत्या धंद्यात पोटच्या पोरीला कशी घालू? तुम्हीच तिला समजवा." – एक वडील, पुणे

सप्रेम नमस्कार.

समजवायचं कुणाला, हे पत्र दोनदा वाचूनही माझं ठरेना. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं वहीचं वाक्य मला सगळ्या पत्रात मोलाचं वाटलं. विकलेल्या मालाचा हिशोब प्रत्येक दुकानदार ठेवतो, न विकलेल्याचा कुणी ठेवत नाही. मोठ्या कंपन्या हेच कळावं म्हणून पगारी माणसं नेमतात. तुमची मुलगी सतरा-अठराव्या वर्षी, कुणी न सांगता, ते करतेय. ती वही तुम्ही कधी उघडून बघितलीत का?

रस्त्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. पेठांतले वाडे पाडून इमारती झाल्या, तिथली बिऱ्हाडं कोथरूड, सिंहगड रोड, वाकडला गेली. 2021 मध्ये आणखी 23 गावं हद्दीत आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून गेली. एवढ्या पसरलेल्या शहरातून एका अस्तरासाठी गाडी काढून कोण येणार? नोटाबंदी, जीएसटी आणि लॉकडाऊनला दुकानदार बोल लावतात. ते घाव बसलेच, पण ओघ त्याच्या बराच आधी वळला होता. मोठ्या पेढ्यांनी तो ओळखला आणि उपनगरांत शाखा काढल्या. गल्लीतल्या दुकानाला ते जमणारं नव्हतं.

पण तुमच्या पत्रात रस्ता आणि दुकान एकच होऊन बसलेत. शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत आजही पाय ठेवायला जागा नसते. माणसं येतात. हाल झालेत ते पाकिटबंद माल विकणाऱ्यांचे: टॉवेल, चादरी, बनियन, तयार शर्ट. पाकिटातली वस्तू सगळीकडे तीच, मग घरबसल्या स्वस्तात मिळते तिथून लोक घेणारच. तुमचा माल त्यातला नाही.

माझंच सांगते. गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्यासाठी आमसुली साडीवर ब्लाउजपीस ऑनलाइन मागवलं. स्क्रीनवर तंतोतंत दिसत होतं, हातात आलं तेव्हा सरळ मरून रंगाचं. शेवटी साडी पिशवीत घालून तुमच्यासारख्याच एका दुकानात गेले. काकांनी ताग्यांच्या थप्पीतून टू बाय टू रुबियाचे (ब्लाउजच्या सुती कापडाचे) तीन तागे ओढले, साडीचा पदर आणि ते तिन्ही कापड घेऊन मला दुकानाच्या पायरीवर आणलं आणि म्हणाले, "ट्यूबलाइटखाली बघू नका, उजेडात बघा." आत एकसारखे वाटणारे तिन्ही रंग बाहेर वेगळे निघाले. मधला जमला. मग फॉल, अस्तर, परकर असं करत मी साडेसातशे रुपये खर्चून आले. ब्लाउजपीस त्यातलं सर्वात स्वस्त होतं.

ही पायरी अजून कुठल्या अ‍ॅपवर आलेली नाही. चिंतामणी आणि मोरपंखी या रंगांतला फरक तुम्ही डोळे मिटून सांगाल, आणि तो तुमच्या मुलीला शिकवायला तुमच्याइतका चांगला मास्तर तिला मिळणार नाही. पण हे शिकवायचं तर तुम्ही दुकानात असेपर्यंतच. दुकान विकताना जागेचे पैसे येतात, नजरेचे येत नाहीत.

पार्किंगचं म्हणाल, तर सप्टेंबर 2024 पासून मंडईला भुयारी मेट्रो थांबते. पिंपरी-चिंचवडची बाई गाडी न काढता येते आणि स्टेशनातून बाहेर पडून काही मिनिटांत तुमच्या गल्लीशी पोचते. तिला रस्ता सापडतो, दुकान सापडत नाही. गुगल मॅपवर तुमचं दुकान आहे का? त्यावर वेळ, फोन नंबर, एक बरा फोटो? बहुतेक नसेल. हे अर्ध्या तासाचं काम आहे. मुलीला सांगा, आजच करेल.

आता कडू बोलते. जुन्या भाड्याच्या दुकानात एक चकवा असतो. भाडं नाममात्र, स्वतःचा पगार धरलेला नाही, त्यामुळे महिनाअखेर जे उरतं त्याला आपण नफा म्हणतो. तुम्ही आणि वहिनी (त्याही दुपारी बसत असणार, पत्रात त्यांचा उल्लेख नाही) दोघांची मजुरी त्यातून वजा करा. मग काय उरतं? गेल्या तीन वर्षांचे आकडे मुलीसमोर ठेवा, झाकपाक न करता. किती विक्री किरकोळ आणि किती शिंपी, बुटीकवाल्यांना, हेही वेगळं काढा. मॅचिंगच्या धंद्यात मला तरी शिंपी हाच पुढचा आधार दिसतो. एक बाई वर्षातून चारदा येईल, शिंपी आठवड्यातून दोनदा येतो. हे आकडे पाहून मुलगी स्वतःच "नको" म्हणाली, तर माझ्या पत्राची गरजही उरणार नाही.

शिक्षणाचं. बी.कॉम. करू द्या, आणि सीएचा बाऊ करू नका, दोन्ही बाजूंनी. बारावीनंतर फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा देऊन जाता येतं, तसंच कॉमर्सची पदवी 55 टक्क्यांनी मिळवली तर थेट इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या टप्प्यालाही जाता येतं. म्हणजे आज तिनं "सीए नको" म्हटलं म्हणून दार बंद होत नाही. पदवीच्या तीन वर्षांत तिनं सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दुकान असं करावं. त्यात तीन दिवाळ्या येतात. तेवढ्यात धंदा तिचा आहे की नाही हे तिलाही कळेल आणि तुम्हालाही. नाही जमलं तर तिच्या हातात एक गोष्ट उरेल, जी कॉलेजात शिकून येत नाही: काय मागवायचं, किती मागवायचं, कधी थांबायचं. कपड्याच्या मोठ्या साखळी दुकानांत खरेदी विभाग याच कामावर चालतो. तिकडे जायचं ठरलं तर खारघरच्या निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेत फॅशन मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, कुठल्याही शाखेचे पदवीधर त्याची प्रवेश परीक्षा देऊ शकतात. गणित घेतलंय म्हणून जाता जाता सांगते, नगर नियोजनाची पदवीही तिला खुली आहे. जेईई मेनमध्ये त्यासाठी वेगळा पेपर असतो. तिला दुकानापेक्षा रस्त्याचंच कुतूहल असेल तर तिकडे बघावं. पण वहीत ती गिऱ्हाइकं टिपतेय, खड्डे नाही, म्हणून मी फार जोर देत नाही.

मुलगा असता तर हे पत्र तुम्ही लिहिलं असतं का, असं मनात आलं. पण तुमची काळजी खरी दिसते, म्हणून तो विषय ताणत नाही. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारते: दुकानाजवळ बाईमाणसाला वापरण्यासारखं स्वच्छतागृह आहे का? गल्लीतल्या दुकानांना ते नसतं. पुरुष कुठेतरी भागवतात. बायका दिवसभर पाणी न पिता काढतात आणि मग दुखणी मागे लावून घेतात. मुलीला दहा तास बसवायचं असेल तर याची सोय आधी करा. शेजारच्या इमारतीत कुणाशी बोला, पैसे द्यायचे तर द्या. धंद्याच्या गप्पांत ही गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून मी काढली.

कागदपत्रांचं एक. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात संरक्षण आहे. पागडीची रक्कम देण्या-घेण्यालाही त्याच कायद्यात जागा आहे. पण घाईनं भागीदारीपत्र करून मुलीचं नाव घालू नका. चुकीच्या भागीदारीवर जागामालक पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा लावू शकतो. भाड्याच्या खटल्यांत मुरलेला वकील गाठा, ओळखीतला कुणीही वकील चालणार नाही. आणि जीएसटीत तुम्ही कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर-योजनेत) असाल, तर बंगळूर-हैदराबादच्या मराठी बायकांना व्हॉट्सअ‍ॅपवर रंग दाखवून माल पाठवायची कल्पना मुलीनं काढली तरी ती तशी चालणार नाही, कंपोझिशनवाल्याला परराज्यात विक्री करता येत नाही. आधी सीएला विचारा. (घरात सीए असावा असं तुम्हाला का वाटतं, ते इथे मला थोडं समजलं.)

11 डिसेंबरला महापालिका पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांना बंद असतो. त्या दिवशी मुलीला दुकानात पूर्ण वेळ बसू द्या, वहीसकट. आत किती आले, काय घेतलं, काय न मिळाल्यानं गेले. त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी गाड्या सुरू असताना पुन्हा हेच. पार्किंगनं खरंच किती गिऱ्हाईक तुटतं, याचं तुमच्या दुकानापुरतं उत्तर तुमच्या हातात येईल. आजवर ते फक्त कट्ट्यावरच्या चर्चेत होतं.

आणि शक्य असेल तर त्या वहीतली ऑक्टोबरची पानं झेरॉक्स काढून मला पाठवा. नवरात्रात नऊ रंगांपैकी कुठला रंग तुमच्याकडे नव्हता, ते मला बघायचंय.