जर्मनीत मुलगा शाळेत बोलत नाही? आधी एवढंच करा

ताई, मुलाला तिथल्या शाळेत जाऊन दोनच महिने झालेत, तो बोलत नाही म्हणून एवढ्यात घाबरून जाऊ नका. नव्या भाषेत मुलं आधी बरेच दिवस नुसती ऐकतात. आमची लेक होळीपर्यंत गप्प होती.

- एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘दार्फ इश मिटश्पीलन?’ म्हणजे ‘मी पण खेळू का?’
- अख्ख्या वर्गाचा नाद सोडा. एकाच मुलाला दुपारी घरी बोलवा, दीड तास पुरे. लेगो काढून ठेवा, त्याला भाषा लागत नाही. तुम्ही मात्र स्वयंपाकघरातच थांबा.
- गावातल्या फेराइनमध्ये, म्हणजे क्रीडामंडळात, फुटबॉलला घाला.

चारचौघांत ‘तो लाजाळू आहे’ असं म्हणू नका, तो ऐकत असतो. आणि घरातली मराठी बंद करू नका. दिवसभर दमलेल्या जिवाला तेवढाच विसावा.

शिकवणी लावायची का, ते नंतर बोलू. या आठवड्यात कोणाला बोलावताय, ते कळवा.