वाचकांचे प्रश्न : माउंटन बाइकच्या फ्रेमला रुंद रिम आणि टायर

प्रश्न : माझ्याकडे २६ इंची चाकांची, ॲल्युमिनियम फ्रेमची आणि व्ही-ब्रेकची (दोन दांड्यांवरचे पॅड रिमच्या कडेला दाबणाऱ्या ब्रेकची) जुनी माउंटन बाइक आहे. सध्या तिला १.९५ इंची टायर असून रिमची आतील रुंदी १९ मिमी आहे. वेताळ टेकडीवरून उतरताना सैल मुरमावर पुढचे चाक सरकते, म्हणून ३० मिमीच्या रिम आणि २.४ इंची टायर बसवावेत असा विचार आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या नळ्यांमधील अंतर, टायर जिथे सर्वांत रुंद आहे तिथे, ६८ मिमी भरते. दुकानदार ‘बसून जाईल’ म्हणतात. आपला सल्ला काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : सायकल स्टँडवर असताना चाक मोकळे फिरेल, एवढ्यापुरते दुकानदारांचे म्हणणे खरे ठरेल. २.४ इंच म्हणजे सुमारे ६१ मिमी. आपल्या ६८ मिमीमधून ते वजा केले की दोन्ही बाजूंना मिळून ७ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम साडेतीन मिमी जागा उरते. फ्रेम बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे प्रत्येक बाजूला ६ मिमी मोकळे ठेवायला सांगतात आणि त्यामागे कारण आहे. चढावर जोर लावून पेडल मारताना चाक थोडे कलते, रिममध्ये एक-दोन मिमीचा आउट (वाकडेपणा) असतोच, नवा टायर हवा भरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत किंचित फुगतो आणि पावसाळ्यात टेकडीवरची चिकट माती टायरच्या बटणांमध्ये (वर आलेल्या गुठळ्यांमध्ये) भरून टायरबरोबर फिरू लागते. या सगळ्याला साडेतीन मिमी पुरत नाहीत. मग नळीच्या आतल्या बाजूला आधी रंग उडतो, नंतर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा दिसू लागतो आणि चिखलातली वाळू ॲल्युमिनियम कानशीसारखी खात राहते. असा पट्टा जुनी सायकल विकत घेतानाही अवश्य पाहावा.

अंतर मोजताना आणखी दोन जागा सुटतात. टायर रुंदीबरोबर उंचीतही वाढतो, १.९५ वरून २.४ वर गेल्यास चाकाची त्रिज्या सुमारे ११ मिमीने वाढते, त्यामुळे पेडलच्या धुरीमागे दोन नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी असेल तर तिथली जागाही मोजावी लागते. दुसरी जागा पुढच्या सस्पेन्शन फोर्कची आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. खड्ड्यात फोर्क पूर्ण दाबला गेल्यावर टायर वरच्या क्राउनला (फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या भागाला) टेकला तर चाक जागच्या जागी अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. फोर्क हवेचा असेल तर हवा सोडून तो पूर्ण खाली दाबावा आणि तशा स्थितीत टायर व क्राउन यांच्यामधली फट पाहावी. आपल्या सायकलला पुढे तीन गिअर असतील तर पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर असलेली चेन रुंद टायरच्या किती जवळून जाते, हेही पाहायला हवे.

तरीही आपल्या बेतातील खरी अडचण टायरची नसून ब्रेकची आहे. आतून ३० मिमी असलेली रिम बाहेरून साधारण ३५ मिमी भरते, तर आपली सध्याची रिम बाहेरून सुमारे २४ मिमी असेल. म्हणजे प्रत्येक ब्रेक शू पाच-साडेपाच मिमी मागे घ्यावा लागेल. पॅडमागचे जाड-पातळ वायसर अदलाबदल करून काही फरक भरून निघतो, पण दांड्या बाहेर कलल्यामुळे पकड कमी होते आणि चाक काढताना केबलचे नूडल (ब्रेकच्या दांडीत अडकवलेली वाकडी नळी) सोडूनही रुंद टायर दोन पॅडमधून निघत नाही, त्यातली हवा सोडावी लागते. हे सगळे जमवले तरी मुद्दा राहतोच : आज बाजारात मिळणाऱ्या ३० मिमीच्या बहुतेक रिम डिस्क ब्रेकसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांच्या कडेला ब्रेक लावण्यासाठी तासलेली सपाट पट्टी नसते. अशा रिमवर व्ही-ब्रेक लावणे म्हणजे रंगावर ब्रेक लावणे होय. सिंहगडाच्या घाटात पावसात उतरताना हा प्रयोग करू नये.

मग चाक सरकते त्याचे काय? माझे मत असे की, आपल्याला रिमपेक्षा टायर आणि हवा बदलण्याची गरज आहे. मागे २.१ इंची, म्हणजे ५४ मिमीचा टायर घ्यावा; ६८ मधून प्रत्येक बाजूला ७ मिमी उरतात. पुढे फोर्कमध्ये सहसा जास्त जागा असते, तिथे मोजून २.२५ इंची, उंच आणि मऊ बटणांचा टायर घ्यावा. पुढे रुंद आणि मागे किंचित अरुंद टायर ही जोडी माउंटन बाइकवर मुळीच विचित्र नाही, कारण वळण आणि उतारावरचा ताबा पुढच्या चाकावर अवलंबून असतो. खरेदी करताना इंचांवर विसंबू नये, टायरच्या कडेवर छापलेला ‘५४-५५९’ असा आकडा वाचावा : पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमवरील बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ इंची माउंटन रिमसाठी दुसरा आकडा ५५९ असाच हवा.

हवेच्या बाबतीत बहुतेक जण कडेवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत टायर टणक फुगवतात आणि मग मुरमावर पकड मिळत नाही म्हणून टायरला दोष देतात. आपले वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ट्यूब असलेल्या या टायरांत पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करून पहावी. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडू लागली, तर हवा कमी झाली आहे असे समजून दोन-तीन पीएसआय वाढवावेत. इतक्या कमी दाबाला पेट्रोल पंपावरचा काटा उपयोगाचा नाही, हातात धरायचा वेगळा गेज घ्यावा.

सध्याच्या रिमच्या ब्रेकपट्टीवरून बोट फिरवल्यास खोलगटपणा जाणवत असेल, तर रिम बदलण्याची वेळ आलेलीच आहे. तेव्हा आतून २१ ते २३ मिमी रुंदीची, ब्रेकपट्टी असलेली रिम शोधावी.

प्रश्न : माझी २९ इंची सायकल डिस्क ब्रेकची आहे, रिम आतून २५ मिमी आहे आणि फ्रेमला २.४ इंचांपर्यंतचा टायर चालतो असे कंपनीने लिहिले आहे. जुने हब (चाकाचे मधले तुंबे) ठेवून ३० मिमीच्या रिम बांधता येतील का? (एक वाचक, बावधन)

उत्तर : अवश्य. डिस्क असल्याने रिमच्या रुंदीचा ब्रेकशी संबंध उरत नाही. रिमची आतील रुंदी १ मिमीने वाढली की टायर ढोबळमानाने ०.४ मिमीने रुंदावतो, तेव्हा आपला सध्याचा टायर सुमारे २ मिमीने रुंद होईल; तो आज कॅलिपरने मोजून, त्यात २ मिमी मिळवून, बेरीज २.४ इंचांच्या म्हणजे ६१ मिमीच्या आत राहते का ते पाहून मगच निर्णय घ्यावा. अरुंद रिमवर वळणात जाणवणारी टायरची डोलण्याची सवय यामुळे कमी होईल. नव्या रिमची भोके हबइतकीच, ३२ ची ३२ किंवा २८ ची २८, असायला हवीत. जुने स्पोक मात्र नव्या रिमला बसतीलच असे नाही : दोन रिमच्या आतील प्रभावी व्यासात ६ मिमीचा फरक असेल तर प्रत्येक स्पोक सुमारे ३ मिमीने चुकतो, आणि निपलच्या (स्पोकच्या टोकावरील नटाच्या) आट्यांत इतकी सूट नसते. चाक बांधणाऱ्या कारागिराकडे रिम आधी द्यावी, त्याला मोजू द्यावी, मग स्पोक आणावेत. ट्यूबलेस करणार असाल तर रिमची भोके झाकणारी टेप ३२ ते ३४ मिमी रुंदीची लागेल. २५ च्या रिमची उरलेली टेप कडा झाकत नाही आणि तिथूनच हवा गळते.

प्रश्न : साध्या माउंटन बाइकला फॅट बाइकचे ४ इंची टायर बसतील का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. ४ इंच म्हणजे १०० मिमीहून अधिक. त्यासाठी मागचा हब १७० किंवा १९० मिमीचा आणि पेडलच्या धुरीची नळी १०० मिमीची लागते, तर साध्या माउंटन बाइकवर ती बहुधा ७३ मिमीची असते. नळ्या वाकवून किंवा कापून जागा करून देतो म्हणणाऱ्या वेल्डरकडे फ्रेम नेऊ नये.