‘मरेपर्यंत जन्मठेप’ : द्विरुक्ती खरी, पण…

प्रश्न असा आहे : बातम्यांत ‘मरेपर्यंत जन्मठेप’ असं छापून येतं. जन्मठेप मुळात जन्मभराचीच, मग ‘मरेपर्यंत’ कशाला? ‘पिवळा पीतांबर’च ना हा?

शब्दापुरतं पाहिलं तर होय, द्विरुक्तीच. पण ती बातमीदाराच्या आळसातून आलेली नाही, कायद्यातच आहे. 2013 साली बलात्काराच्या कलमात दुरुस्ती झाली, तेव्हा जन्मठेप म्हणजे ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभराचा कारावास’ असा खुलासा संसदेला जोडावा लागला.

का लागला? ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं’ हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय म्हणून. तसं कायदा कुठंच म्हणत नाही. 1978 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत 433-अ कलम आलं. फाशीही होऊ शकेल अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला 14 वर्षं भरल्याशिवाय सोडू नये, असं ते सांगत असे (2024 साली नवी संहिता आली, नियम तोच राहिला). म्हणजे 14 हा उंबरठा. लोकांनी त्यालाच परसदार मानलं. 20 वर्षांचा आकडाही असाच. तो दंडसंहितेत शिक्षेचे अंश, म्हणजे निम्मी, पाव शिक्षा किती, हे मोजण्यापुरता होता. गांधीहत्या खटल्यातले गोपाळ गोडसे, माफीचे (शिक्षेतून सूट मिळालेले) दिवस धरून आपली 20 वर्षं भरली, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेले. 1961 साली उत्तर मिळालं : जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सरकारनं माफी दिली तरच सुटका.

पुढे न्यायालयंच शब्दाला डागडुजी करू लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008च्या श्रद्धानंद खटल्यातल्या निकालापासून फाशी रद्द करताना ‘इतकी वर्षं माफी नाही’ किंवा ‘मरेपर्यंत’ असं स्पष्ट लिहिण्याची वाट रुळली. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं (घटनेचे प्रश्न सोडवणाऱ्या मोठ्या पीठानं) ती मान्य केली. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं 2021 साली तिघांची फाशी रद्द करून आयुष्यभराची कैद दिली आणि संचित रजा, अभिवचन रजा (म्हणजे फर्लो, पॅरोल) दोन्ही नाकारल्या. अशा निकालाच्या बातमीत नुसतं ‘जन्मठेप’ लिहिलं, तर वाचक 14 वर्षं मोजून मोकळा होईल. तेव्हा तिथं ‘मरेपर्यंत’ मी खोडणार नाही.

‘दुहेरी जन्मठेप’ मात्र जपून वाचावी. सावरकरांना दोन जन्मठेपा एकापाठोपाठ, मिळून 50 वर्षांच्या, झाल्या होत्या. आज तसं होत नाही. माणसाला आयुष्य एकच, म्हणून अशा शिक्षा एकत्रच भोगायच्या, असं घटनापीठानं 2016 साली ठरवलंय.